तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशावरच्या टिंबामागे

"मुलगा एकोणतीस वर्षांचा झाला, आता तरी त्याच्या मागे मागे फिरणं सोडा की हो." हे मला गेल्या चार वर्षांत इतक्या जणांनी म्हणलंय की मोजदाद राहिली नाही. कुणी काळजीने विचारतं, कुणी जरा चिडून, की तो सायकलने, बोटीने दूरदेशी फिरत असताना तुम्ही असे नकाशा उघडून बसता म्हणून तो मोकळा होत नाही. परवा एका मित्राने पुन्हा विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदा सविस्तर उत्तर लिहून टाकावं.

आधी हे सांगतो की सुरवातीला मी खरंच चुकीचा मागे लागायचो.

चार वर्षांपूर्वी तो सायकल घेऊन पामीरमध्ये गेला होता, ताजिकिस्तानात. मुरगाबहून काराकुल तलावाकडे निघाला, मधे अक बैतल खिंड, उंची ४६५५ मीटर. निघताना फोनवर म्हणाला दोन दिवसांत पोचेन. तिसरा दिवस संपला तरी फोन नाही. त्याच्याकडे तेव्हा साधा मोबाईल होता आणि त्या रस्त्यावर बराच पट्टा नेटवर्कच नसतं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं पण त्या रात्री मला ते आठवायचं नव्हतं बहुतेक. मुरगाबला तो ज्या गेस्टहाऊसमध्ये राहिला होता तिथला नंबर शोधला, फोन केला, त्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची, पण बाप घाबरलाय एवढं त्यांना कळलं. त्या माणसाने भल्या पहाटे स्वतःच्या भाच्याला जीप देऊन पाठवलं. माझा मुलगा खिंडीच्या अलीकडे एका पडक्या भिंतीच्या आडोशाला तंबू लावून बसला होता, समोरून इतका वारा होता की सायकल ढकलायलाही जमत नव्हतं, म्हणून वारा पडायची वाट बघत होता. म्हणजे जे करायला पाहिजे नेमकं तेच करत होता. आणि जीप आलेली बघून त्याला वाटलं आपल्या घरी काही झालं.

हे मला फार लागलं. जिथे डिझेल शेकडो किलोमीटरवरून टँकरने येतं तिथल्या एका अनोळखी माणसाने ते माझ्या भीतीपायी जाळलं, आणि मी मुलाला घाबरवलं, त्याच्या शहाणपणावर अविश्वास दाखवला तो वेगळाच. परत आल्यावर तो काही रागावला नाही. त्याने एवढंच म्हणलं, "बाबा, तुम्ही बघत असलात की मला बरं वाटतं. पण हाक मारलीत की मला मागे वळावं लागतं." त्यानंतर मी बघायला शिकायला लागलो. शिकायला लागतं ते, आपोआप येत नाही.

मागच्या डिसेंबरात तो शिडाच्या बोटीवरून अटलांटिक ओलांडायला निघाला. बोट दुसऱ्याची, हा क्रू म्हणून, एकूण चौघं. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला, साधारण २७०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे पाच हजार किलोमीटर झाले. मला बोटींतलं काहीही कळत नव्हतं. डिसेंबरच का, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि उत्तर मिळाल्यावर निम्मी भीती गेली हे खरं सांगतो. उत्तर अटलांटिकमधला चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. तो संपला की ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे हळूहळू जोर धरतात आणि ते पाठीमागून ढकलत पश्चिमेला नेतात. कोलंबस १४९२ मध्ये याच बेटांपैकी ला गोमेराहून निघाला तेव्हाही याच वाऱ्यांवर गेला (तो सप्टेंबरात निघाला होता, म्हणजे वादळांच्या ऐन दिवसांत, हे वाचून मी उगीचच त्याच्या घरच्यांचाही विचार केला). जुने खलाशी म्हणायचे की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा. नकाशावर मुलाच्या बोटीची रेघ पहिले काही दिवस सरळ पश्चिमेला न जाता खाली खाली सरकत होती तेव्हा आमची ही घाबरली, म्हणाली हे आफ्रिकेकडे का चाललेत, आणि मला तिला समजावून सांगता आलं. त्या दिवशी मला वाटलं की हां, आता आपण नुसते काळजी करत नाहीयोत, आता आपल्याला थोडं वाचता येतंय.

त्याच्याकडे या वेळी सॅटेलाइट ट्रॅकर होता, दर चार तासांनी एक टिंब पाठवणारा. हे इरिडियम नावाच्या कंपनीच्या सॅटेलाइटवरून चालतं, एकूण ६६ सॅटेलाइट, साधारण ७८० किलोमीटर उंचीवर. अर्ध्या वाटेवर असताना मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर त्याला सगळ्यात जवळची जमीन हजार किलोमीटरच्याही पलीकडे होती. म्हणजे डोक्यावरून जाणारा सॅटेलाइट त्याला जमिनीपेक्षा जवळ! हे मी हिला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे वरचं कुणीतरी जवळ आहे म्हणायचं.

रोजचं माझं काम असं असायचं. सकाळी टिंब बघायचं, मोठ्या कागदी नकाशावर पेन्सिलने खूण करायची, आधीच्या खुणेपासूनचं अंतर मोजायचं, वेळेने भागायचं, वेग काढायचा. साडेपाच नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आला की छान, चार आला की वारा पडलाय, सात आला की शीड कमी केलं असेल का हा विचार. मग हवामान. जीएफएस नावाचं मॉडेल दिवसातून चार वेळा नवीन अंदाज काढतं, तो रंगीत नकाशा कुणालाही बघता येतो. पण त्यात स्क्वॉल दिसत नाहीत, म्हणजे ते काळे ढग जे अचानक येतात, दहा वीस मिनिटं जोरदार वारा आणि पाऊस घालून निघून जातात, ते इतके लहान असतात की मॉडेलच्या जाळीतून निसटतात. आणि बोटीवरच्या माणसांना रात्री त्रास देतात ते नेमके हेच. हे कळल्यावर मी एक धडा घेतला की स्क्रीनवर सगळं हिरवं शांत दिसतंय म्हणून मुलाला "आज मजा ना" असं लिहायचं नाही. आपल्याला दिसतं त्यापेक्षा त्याच्याकडे जास्त काहीतरी चाललेलं असतं, हे धरूनच चालायचं.

आणि सूर्य. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे तो जसजसा पश्चिमेला सरकत होता तसतसा त्याचा सूर्योदय उशिरा होत होता, साधारण आठवड्याला एक तास, पूर्ण प्रवासात तीन तास. मी भिंतीवर एक जुनं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जगभर धरतात त्या प्रमाणवेळेवर, लावलं होतं आणि वहीत त्याच्या सूर्योदयाची वेळ लिहायचो. त्याची वॉच, म्हणजे बोट सांभाळायची पाळी, बहुतेक पहाटेची असायची. मला तो सूर्योदय दिसणार नव्हता, पण तो किती वाजता आहे हे मला माहीत होतं, आणि त्या वेळी मी हातातलं काम दोन मिनिटं थांबवायचो. याचा उपयोग काय असं कोणी विचारलं तर उत्तर नाही माझ्याकडे. मला ते हवं होतं.

मेसेजचंही शिकावं लागलं. त्या यंत्रावर मेसेज छोटा, १६० अक्षरांत बसवायचा. माझे पहिले मेसेज म्हणजे प्रश्नांची माळच असायची, झोप झाली का, लाइफजॅकेट घालतोस ना, रात्री दोर बांधून घेतोस ना. उत्तर यायचं "हो हो हो". पाचव्या दिवशी मी प्रश्न बंद केले आणि नुसतं लिहिलं की तुझी जुनी सायकल खाली काढली, चेन साफ केली, मागचा ब्रेक घासला गेलाय, बदलू का? त्यावर पहिल्यांदा मोठं उत्तर आलं. ब्रेक बदला, आणि काल डेकवर तीन उडते मासे सापडले, सुकाणूला सरगॅसमचं शेवाळ अडकतंय, रात्री बोटीच्या मागे पाणी चमकतं, तुम्ही असायला हवं होतं बाबा.

आता तेरावा दिवस. टिंब आलं नाही. मग पुढचंही नाही. एकूण ३१ तास, सात टिंबं गेली.

निघायच्या आधी त्याने मला एक कागद दिला होता. त्यावर बोटीचं नाव, रंग, लांबी, रेडिओचा नंबर, चौघांची नावं, घरचे फोन, आणि खाली त्याच्या अक्षरात: "टिंब थांबलं म्हणजे बोट थांबली असं नाही. यंत्र बंद पडलंय असं आधी धरा. ७२ तास काहीच नाही आलं तर या क्रमाने फोन करा." शिवाय त्याच्या लाइफजॅकेटमध्ये पीएलबी होतं, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर हाताने सुरू करायचं छोटं यंत्र. ते निदान २४ तास सिग्नल देत राहतं, आणि तो सिग्नल पोचला की बचाव केंद्र नोंदवलेल्या माणसाला फोन करतं, की हा खरंच समुद्रावर आहे का, बोट कोणती, किती जण, कारण असे बरेच सिग्नल चुकून लागलेले असतात. नोंदवलेला माणूस मी. माझा फोन रात्री सायलेंटवर नसतो, त्यामागचं कारण हे आहे.

तर त्या ३१ तासांत माझ्या हातात एवढंच होतं की फोन वाजत नाहीये. फोन न वाजणं हीसुद्धा बातमी आहे, असं मी हिला सांगत होतो आणि स्वतःलाही. भारतीय नौदलातले खलाशी अभिलाष टॉमी यांची गोष्ट मी मुलाच्या या नादामुळे आधीच खूप वाचली होती. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार, उठता येईना, २१ सप्टेंबरला हे झालं आणि २४ ला ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तेवढ्या अफाट पाण्यात ते सापडले कारण ते कुठे आहेत हे माहीत होतं. नंतर तोच माणूस त्याच शर्यतीत परत उतरला आणि २०२३ मध्ये २३६ दिवसांनी दुसरा आला. त्या रात्री मला शेवटच्या भागाने धीर दिला नाही, पहिल्या भागाने दिला. कुठे आहे हे कुणाला तरी माहीत असणं. मी ठरवलं की आपलं काम तेच.

म्हणून शेवटच्या टिंबापासून पुढे अंदाजाने ठिकाण काढायला बसलो. सरासरी वेग ५.४ नॉट, दिशा तीच, वारा तोच. दर चार तासांनी पेन्सिलची खूण, टिंब नसताना. बोटीवरच्या दुसऱ्या एका मुलाची आई आहे, दूर दुसऱ्या देशात, तिचा मेसेज आला, तुम्हाला नकाशा कळतो, खरं सांगा. "सगळं ठीक आहे" असं तिला मी लिहिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. वारा किती आहे, लाट किती आहे, ७२ तासांचं काय ठरलंय, आणि माझ्या हिशोबाने ते आत्ता कुठे असावेत, एवढं लिहिलं. तिने लिहिलं, नकाशाचा फोटो पाठवा. पाठवला.

३१ तासांनी टिंब आलं. मागोमाग मेसेज, चार्जिंगची पिन खाऱ्या पाण्याने गंजली होती, घासून चालू केली, रात्री दोन स्क्वॉल, सगळे ठीक. टिंब माझ्या शेवटच्या खुणेपासून अकरा मैलांवर होतं. आम्ही दोघं त्या नकाशासमोर उभे होतो आणि मला त्या अकरा मैलांबद्दल काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. १६७ मैल मी त्याच्याबरोबर न बघता चाललो होतो आणि फक्त अकरा मैल चुकलो होतो. या वेळी कुणाची जीप निघाली नाही.

एकविसाव्या दिवशी ते पोचले.

आता माझ्या मित्राचा प्रश्न. तो मोकळा होत नाही का? तो पुढच्या महिन्यात पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये जायचं म्हणतोय, गॅलापॅगॉस ते मार्केसस बेटं, जवळपास ३००० मैल, मधे काहीही नाही. मला विचारून ठरवलं नाही त्याने, ठरवून कळवलं, आणि तसंच असायला हवं. मी नकाशा मागवलाय. दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे आग्नेयेकडून वाहतात, त्यामुळे माझं डोकं आता उलटं लावावं लागतंय.

नवीन कागदही आलाय. बोट दुसरी, रंग दुसरा, नावं पाच. खाली त्याच्या अक्षरात तेच वाक्य, "टिंब थांबलं म्हणजे बोट थांबली असं नाही." पण किती तासांनी फोन करायचे तो आकडा या वेळी त्याने लिहिलेला नाही. रेघ मारून जागा सोडलीय आणि शेजारी लिहिलंय, "बाबा, हे तुम्ही भरा."

आठ दिवस झाले, कागद टेबलावर आहे. पेन्सिलने एकदा ४८ लिहून खोडलं. काल ७२ लिहिलंय, अजून शाईने गिरवलेलं नाही.