करांच्या वाड्यात

आईला फ्रान्समध्ये येऊन दोन महिने झाले होते आणि राजवाडे बघण्याची तिची हौस फिटली होती. आम्ही राहतो ऑर्लेआँला, ल्वार नदीकाठी. भारतातून आलेल्या पाहुण्यांना शनिवार-रविवारी एकेक शातो दाखवणं हा इथल्या मराठी घरांचा जोडधंदाच आहे. शाँबोर झालं, शनाँसो झालं. तिसऱ्याचं नाव काढल्यावर आई म्हणाली, "राजांची घरं पुरे झाली गं. एखाद्या माणसाचं घर दाखव."

म्हणून बुर्झला गेलो. मध्य फ्रान्समधलं हे गाव. ऑर्लेआँहून रेल्वेनं सव्वा-दीड तास, पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून निघालात तर साधारण दोन तास. इथलं सेंट एतिएन कॅथेड्रल १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे येणारे बहुतेक लोक आधी तिकडे वळतात. आम्ही मात्र थेट वाड्याकडे गेलो. त्याला सगळे 'पॅलेस' म्हणत असले तरी तो एका व्यापाऱ्यानं बांधलेला वाडाच आहे, पंधराव्या शतकातला.

व्यापाऱ्याचं नाव झाक कर. आईनं दोनदा विचारलं. "नुसतं कर? कुठलेकर?" कर म्हणजे फ्रेंचमध्ये हृदय, हे सांगितल्यावर तिला ते पटलं. मग म्हणाली, "आणि बायकोचं नाव?" बायकोचं नाव मासे. खरंच, मासे द लेओदपार. चिपळूणच्या बाईला आणखी काय हवं? "करांच्या घरी मासे! चला, बघूनच येऊ या."

हा कर म्हणजे बुर्झमधल्या एका कातडी-फर विकणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म १४०० च्या आसपासचा. तो तरुण होता तेव्हा फ्रान्सचा अर्धा मुलूख इंग्रजांच्या हातात होता, आणि सातव्या शार्ल राजाला लोक चेष्टेनं 'बुर्झचा राजा' म्हणत, कारण त्याची सत्ता चालायची ती इथूनच. करनं १४३२ मध्ये दमास्कसपर्यंत धडक मारली, परत येताना कॉर्सिकाजवळ जहाज फुटलं, तरी तो थांबला नाही. पुढे त्याची स्वतःची गलबतं माँपेलिएच्या बाजूनं अलेक्झांड्रियाला जायला लागली. इकडून कापड, चांदी, तांबं आणि तिकडून रेशीम, आलं, मिरे. ते मिरे कुठले, हे आईला सांगावं लागलं नाही. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. तोपर्यंत मलबारचा माल अरबांच्या हातून तांबड्या समुद्रानं इजिप्तला जायचा आणि तिथून असल्या व्यापाऱ्यांच्या वखारीत. म्हणजे आपल्याकडच्या मिऱ्यांचा थोडा पैसा या भिंतींत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

मग हा राजाचा 'अर्जांतिए' झाला. दरबाराला लागणारं सगळं सामान पुरवायचं, कापडापासून दागिन्यांपर्यंत, आणि पैसे नसतील तर उधारीवर द्यायचं. सरदार-दरकदार सगळे त्याचे देणेकरी. १४४९ मध्ये नॉर्मंडी इंग्रजांकडून परत घ्यायला राजाला पैसा हवा होता, तेव्हा त्यानं दोन लाख एकू, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, काढून दिले. ज्याच्याकडून इतकं घेतलं त्याचं तोंड बघणं पुढे लोकांना जड जातं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी घरात जाऊ.

दरवाजासमोर उभं राहिलं की पहिली नजर जाते ती वरच्या खोट्या खिडक्यांवर. दरवाजाच्या दोन्ही अंगांना दगडातच कोरलेली एकेक खिडकी आहे आणि तिच्यातून एकीत पुरुष, एकीत बाई, बाहेर वाकून रस्त्याकडे बघताहेत. कठड्यावर रेलून, 'कोण आलं' बघायला यावं तशी. घरातली नोकरमाणसं, धन्याची वाट बघणारी, असं इथले लोक म्हणतात. त्या दोघांच्या मधली छत्री रिकामी आहे. तिथे घोड्यावर बसलेला सातवा शार्ल होता, तो क्रांतीच्या काळात फोडला गेला. राजा गेला, नोकर राहिले. मला हे फार आवडलं.

खाली गाड्या-घोड्यांसाठी मोठा दरवाजा आणि शेजारी माणसांसाठी छोटा. आपल्या दिंडी दरवाजाचीच कल्पना. आत शिरलं की चौक. चौकाभोवती मजले, आणि कोपऱ्याकोपऱ्यात गोल जिन्यांचे मनोरे. गंमत म्हणजे कुठला जिना कुठे जातो हे पाटी न लावता सांगितलंय. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दारावर स्वयंपाकाचं दृश्य कोरलंय, प्रार्थनाघराच्या जिन्यावर पूजेच्या तयारीचं. वाचता न येणाऱ्या नव्या गड्यालाही चुकायला नको. कुठे खजुराची, संत्र्याची झाडं कोरलीत, म्हणजे धनी कुठवर जाऊन आलाय हे पाहुण्याला चौकातच कळावं. आणि सगळीकडे हृदय नि शिंपला, हृदय नि शिंपला. हृदय आडनावाचं, शिंपला त्याच्या नावाच्या संताचा. कठड्यावर त्याचं ब्रीदही दगडात कोरलेलं आहे: शूर हृदयांना अशक्य असं काही नाही. 'हृदय' हा शब्द लिहिलेला नाही, तिथे नुसतं चित्र. जिथे बघावं तिथे मालकाची सही. आईच्या मते हे जरा अतीच होतं. "आपल्याकडे नाही का, ग्रिलमध्ये सुद्धा नावाची अक्षरं वळवून घेतात?" आमच्या चिपळूणच्या घराच्या गेटमध्ये बाबांनी नेमकं तेच केलंय, पण मी गप्प बसले.

आत सामान काहीच नाही. खुर्च्या, पलंग, पडदे, काही नाही. नुसत्या खोल्या आणि भल्यामोठ्या शेकोट्या. आधी वाटलं, पैसे देऊन रिकामं घर काय बघायचं, पण नंतर बरंच वाटलं, कारण लक्ष दगडाकडे जातं. वरच्या लांब दालनाचं छत उलट्या जहाजासारखं आहे, लाकडी फासळ्या वर वळत गेलेल्या. एका खोलीत रंगीत काचेत भर शिडात निघालेलं गलबत आहे. आणि एका शेकोटीवर जे कोरलंय ते बघून आम्ही दोघी मोठ्यानं हसलो. सरदार लोक घोड्यावर बसून भाल्यांनी झुंजायचे त्या खेळाची नक्कल, पण इथे घोड्यांऐवजी गाढवं, सरदारांऐवजी शेतकरी आणि ढालींऐवजी टोपल्या! हे सरदार त्याचे कर्जदार होते हे ध्यानात घेतलं की त्या टोपल्या जरा जास्तच बोलू लागतात. त्यांच्यापैकी कुणी या घरी जेवायला येऊन शेकोटीला हात शेकत उभा राहिला असेल, तर त्याला काय वाटलं असेल?

तिजोरीच्या खोलीला लोखंडी दार आहे. आत छताखालच्या एका दगडावर प्रियकर-प्रेयसी भेटताहेत, आणि झाडात लपून राजा बघतोय. ही ट्रिस्टन आणि इसोल्टची जुनी गोष्ट. पण गावानं तिची वेगळीच कुचकुच केली: बाई म्हणजे राजाची लाडकी आन्येस सोरेल, पुरुष म्हणजे कर आणि झाडातला तो शार्ल. खोटं असणार, पण अशा गोष्टी टिकतात खऱ्या.

प्रार्थनाघर दरवाजाच्या बरोबर वर आहे. निळ्या तारांगणावर पांढऱ्या झग्यातले देवदूत, प्रत्येकाच्या हातात ओळी लिहिलेल्या फिती. मान मागे टाकून आई बराच वेळ बघत होती, आणि तिची मान धरली. मग खालच्या मजल्यावर आलो आणि माझ्या मते या घरातली खरी चैन तिथे आहे: न्हाणीघर. वाफेनं अंग शेकायची खोली, शेजारी पाणी तापवायची सोय, आणि वाड्यात संडासही. १४४३ ते १४५१ च्या दरम्यान बांधलेल्या घरात! आई आतमध्ये गोल फिरली. "म्हणजे बंब बाहेर आणि न्हाणी आत. धूर आत येत नाही. हुशार होता हो." इतक्या देवदूतांना मिळाली नाही ती शाबासकी इथे मिळाली.

मागच्या बाजूला गेलात तर हेच घर किल्ल्यासारखं दिसतं, कारण ते गावाच्या रोमन काळातल्या तटाला टेकवून बांधलंय. तटाचे बुरूजच घरात घेतलेत. पुढून हवेली, मागून गढी.

आणि इतकं सगळं करून धनी इथे राहिलाच नाही. १४५० च्या फेब्रुवारीत आन्येस सोरेल वारली. तिनं मृत्युपत्र पार पाडायला नेमलेल्यांत करही होता. पुढच्या वर्षी त्याच्यावरच आळ आला की यानंच तिला विष घातलं. ३१ जुलै १४५१ ला त्याला पकडलं. विषाचा आळ टिकला नाही, उलट आरोप करणाऱ्या बाईलाच शिक्षा झाली. पण तोवर इतर आरोपांची माळ तयार होती: मुसलमानांना शस्त्रं विकली, त्याच्या गलबतावर लपलेला ख्रिस्ती गुलाम परत धाडला, राजाचे पैसे खाल्ले. निकाल लागला २९ मे १४५३ ला, ज्या दिवशी तिकडे कॉन्स्टँटिनोपल पडलं त्याच दिवशी. चार लाख एकू भरायचे आणि मालमत्ता जप्त. मासे १४५२ मध्येच वारली होती, नवरा तुरुंगात असताना. झाँ दोव्हे नावाच्या सरकारी माणसानं चार वर्षं हिंडून त्याच्या मालमत्तेची यादी केली आणि ती विकली. देणेकऱ्यांची केवढी सोय झाली असेल! (२००५ मध्ये सोरेलच्या अवशेषांची तपासणी झाली तेव्हा त्यांत पारा सापडला. औषध म्हणून घेतला की कुणी दिला, यावर लोक अजून बोलतात.)

कर १४५४ मध्ये प्वातिएच्या कैदेतून निसटला, रोमला पोपच्या आश्रयाला पोहोचला, पोपच्या आरमाराबरोबर पूर्वेकडे निघाला आणि नोव्हेंबर १४५६ मध्ये किओस बेटावर वारला. पुढच्याच वर्षी राजानं मुलांना काही मालमत्ता परत केली, त्यात हे घरही होतं. नंतर ते बऱ्याच हातांतून गेलं. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर काही काळ मालक होता, मग नगरपालिका आली, आणि पुढे चक्क कोर्ट. ज्या माणसाला असा निकाल मिळाला त्याच्याच घरात वर्षानुवर्षं निकाल लागत होते. १९२३ मध्ये सरकारनं घर विकत घेतलं आणि ते पुन्हा मूळच्या रूपात आणलं.

हे सगळं मी आईला चौकातल्या पायरीवर बसून सांगितलं. ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "एक रात्र तरी झोपला असेल का गं इथे?" मी म्हटलं, झोपला असेल, बांधकाम बघायला आल्यावर. ती काही बोलली नाही. बाबांनी मुंबईच्या नोकरीत राहून चिपळूणचं घर बांधलं, ते असंच सुट्टीतल्या फेऱ्यांमध्ये. त्यांना तरी त्यात अकरा वर्षं मिळाली.

बाहेर आलो तर समोरच्या चौकात कर उभा. १८७९ मध्ये बसवलेला त्याचा पुतळा आहे तिथे, घराच्या दारासमोर. आईनं त्याच्याकडे बघितलं, मग वर खिडकीतल्या दगडी बाईकडे बघितलं, आणि मराठीतच तिला सांगितलं, "अहो, आले बरं का तुमचे शेठ."

गावातली प्रसिद्ध गोळी म्हणजे फोरेस्तीन. वरून रेशमासारखी चमकणारी साखर, आत बदामाचं सारण. ती अर्धा पाव घेतली आणि स्टेशनवर आलो. गाडीला वीस मिनिटं होती. आईनं फोन काढला आणि चिपळूणला शेजारच्या वहिनींना लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ झाले होते.

"हो, हो, छान आहे सगळं. पण वहिनी, तुम्ही ओटीवरचा दिवा लावताय ना रोज?"