नोंद ९ : नांगरलेल्या होडीच्या नादाला लागून

तर मंडळी, झाली एकदाची. पहिली स्प्रिंट. १ तास ५६ मिनिटं ५ सेकंद. ठरवलं होतं १:५० च्या आत, नाही जमलं, पण का नाही जमलं ते आता मला नीट माहितीय आणि त्यासाठीच एवढं लांबलचक टाईप करतेय.

नवीन लोकांसाठी पटकन सांगते, स्प्रिंट म्हणजे छोटी ट्रायथलॉन, ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं, सगळं सलग. ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनच्या बरोब्बर निम्मं. जागा आमची मालवणची, चिवला बीच. घरापासून गाडीवर दहा मिनिटं, त्यामुळे हॉटेल, प्रवास, अनोळखी पाणी असलं एकही कारण पुढे करायची सोय नव्हती.

आधी पाण्याचं. रविवारी अष्टमी होती. आमच्याकडे जुनी माणसं भरती पाऊणकीनं काढतात, तिथीची पाऊणपट करायची, आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती (मिनिटावर जाऊ नका, अंदाज आहे, पण कामाचा आहे). अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पुनव-अमावास्येच्या उधाणासारखी ओढ नसते, सव्वासातला स्टार्ट म्हणजे नुकती कुठे ओहोटी लागलेली, त्यात सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येणारा त्यामुळे लाटा जवळजवळ नाहीतच. अकरानंतर खारा वारा सुटला की हेच पाणी ओळखू येत नाही. ज्यानं कोणी तारीख काढली त्याला मानलं.

मार्ग असा : किनाऱ्यावरून सरळ आत १५० मीटर, पहिल्या बोयाला (पाण्यावर तरंगती खूण) डावीकडे वळून किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे ४००, दुसरा बोया डाव्या खांद्याला ठेवून वळायचं आणि २०० मीटर तिरकं परत. मी सव्वासहालाच जाऊन उभी राहिले. आता खरी गंमत अशी की किनाऱ्यावर उभं राहून दिसणारा नारिंगी बोया पाण्यात पडल्यावर दिसतच नाही, डोळे पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असतात, मधे फुटभर लाट आली तरी गायब. हे मला माहीत होतं, म्हणून मी हुशारी केली. दुसऱ्या बोयाच्या मागे शंभरेक मीटरवर एक मोठी होडी नांगरलेली होती, निळी, वर बांबूला लाल फडका. म्हटलं बास, बोया गेला खड्ड्यात, फडका धरायचा.

स्टार्टला लाथा-बुक्क्या खाल्ल्या त्या सगळेच खातात. पहिले १५० मीटर श्वास लागेना, मी लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेय, तिथं कोणी पाय ओढत नाही. बोया वळल्यावर मात्र लय लागली. दहा हात, डोकं वर, फडका दिसला, परत दहा हात. एकदम मस्त. इतकं मस्त की आजूबाजूला कोणी नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग शिट्टी ऐकू आली. छोट्या कयाक होडीतला पोरगा माझ्या बाजूला येऊन म्हणतो, "वयनी, खय चल्लात? गोव्याक?"

बोया माझ्या मागे डावीकडे सत्तरेक मीटरवर राहिला होता. मी त्याच्या बाहेरच्या अंगानं, उघड्या समुद्राच्या बाजूनं, एकदाही न बघता पुढे निघून गेले होते.

परत फिरले, बोया वळले, तर समोर किनारा म्हणजे पूर्व म्हणजे माडांच्या वर नुकताच आलेला सूर्य थेट डोळ्यात. आणि माझा गॉगल पांढऱ्या काचेचा. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी पोहून परत येताना ऊन तोंडावर असणारच, ही काय सांगायची गोष्ट आहे? पण सरावाला मी नेहमी संध्याकाळी यायचे ना. सोनेरी आंधळेपणात पोचले एकदाची.

घड्याळात ९१० मीटर, २२:४०. (हात पाण्याखाली गेला की जीपीएसचा सिग्नल तुटतो, त्यामुळे पाण्यातला आकडा थोडा इकडे तिकडे असतोच, पण एवढा नाही.) म्हणजे १०० मीटरला साधारण अडीच मिनिटं, हा माझा नेहमीचा वेग. १६० मीटर फुकटचे, चार मिनिटं पाण्यात.

ट्रान्झिशन १ ला, म्हणजे पोहणं संपवून सायकल घ्यायला, ४:५०, हसा. बालदीत पाय बुडवले, वाळू गेली म्हणून ओल्या पायावर मोजे चढवायला लागले तर ते चढेनात, मग घाईत हेल्मेट न घालताच सायकल हुकवरून काढली, मार्शलनं थांबवलं, सायकल परत लावा, हेल्मेट घाला, पट्टा लावा, मग हात लावा. बरोबर आहे त्यांचं. हजारदा वाचलेला नियम. मोज्यात आधीच टाल्कम पावडर टाकून ठेवा असं ज्यांनी मागच्या वेळी सांगितलं होतं त्यांचं मी ऐकलं नाही, पुढच्या वेळी ऐकेन.

सायकल ५१:१०. कोळंबचा पूल ओलांडला की आचऱ्याच्या रस्त्याला चढ लागतो, तिथं मी जोर लावता लावता गिअर टाकला आणि चेन उतरली. ग्रीसचे हात टी-शर्टला, म्हणजे ट्रायसूटला (तिन्हीसाठीचा एकच घट्ट पोशाख), पुसले, सासूबाईंनी ते डाग बघून "हे काय पोहायला गेलेलीस की गॅरेजात" असं विचारलं. बाकी छान. एक एसटी ओव्हरटेक करून गेली तेव्हा तिच्या मागच्या हवेत दोन सेकंद मी काय पळाले! ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशानं चालवणं) बाद आहे पण एसटीची तक्रार कोण करणार. येताना उतारावर खड्डे बघत ब्रेक दाबूनच आले, माझ्याकडे तेवढी हिंमत नाही, मुलं आहेत घरी.

ट्रान्झिशन २ ला २:०५.

धावणं ३५:२०. सायकलवरून उतरून धावायचा जो सराव असतो त्याला सगळे ब्रिक म्हणतात, आमच्या ग्रुपात आम्ही चिरा म्हणतो, कारण इथं विटा कोण वापरतो, आणि पाय होतात ते जांभ्याच्या चिऱ्यासारखेच, जड आणि भोकं पडलेले. मी जानेवारीत फक्त तीन चिरे केले होते आणि ते पहिल्या किलोमीटरला समजलं. ओहोटीनं ओली वाळू उघडी पडलेली, कडक, धावायला चांगली, पण समुद्राकडे उतरती, त्यामुळे एक पाय कायम खाली. चार फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत साठीच्या पुढचे एक गृहस्थ "चला चला" म्हणत पुढे गेले, तिसऱ्या फेरीत परत तेच! त्यानंतर मी माणसं मोजायचं सोडलं. मानेला मिठानं घासून कातडं गेलं होतं (खोबरेल लावलं होतं, पाण्यात टिकत नाही, व्हॅसलिनच लावा), घाम लागला की चरचरायचं. शेवटच्या टेबलावर मीठ घातलेलं कोकम सरबत होतं, तीन ग्लास प्यायले, त्यातला तिसरा रेस संपल्यावर प्यायला हवा होता.

आता होडीचं. संध्याकाळी आबा आले होते, सासऱ्यांचे धाकटे भाऊ, सगळा जन्म रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत, गेला. त्यांना मी रंगवून सांगितलं की मी एवढी नजर ठेवून पोहत होते तरी चुकले. ते आधी हसले आणि मग म्हणाले, "गो, नांगराची होडी कोण धरता काय? ती काय वडाचा झाड आसा एका जाग्यार रवाक?"

झालेलं असं. मी फडका सव्वासहाला धरला, तेव्हा पाणी भरून थांबलेलं. तासाभरात ओहोटी लागली, वर मतलई, होडी आपल्या दोराभोवती फिरून बाहेरच्या अंगाला जाऊन उभी राहिली. दोर लांब सोडलेला असला तर चाळीस-पन्नास फुटांचा फरक सहज. तेवढ्यानं एरवी काही बिघडलं नसतं, पण मी बोया शोधायचंच बंद केलं होतं, ही माझी खरी चूक.

"खूण जमनीवरची धरूक व्हयी, आणि एक नाय, दोन," आबा म्हणाले. जाळ्याची जागा ते अशीच लक्षात ठेवायचे. एक खूण जवळची, एक तिच्या मागची लांबची, दोन्ही एका रेषेत. मागची उजवीकडे सरकलेली दिसली की आपण उजवीकडे गेलो, डावीकडे दिसली तर डावीकडे. टेबलावर मिठाची बरणी आणि तिच्यामागे पाण्याचा तांब्या ठेवून त्यांनी मला खुर्चीसकट हलवून दाखवलं, पोरं हसत होती.

काल सकाळी करून बघितलं. दक्षिणेच्या टोकावरचा वाकडा माड पुढची खूण, त्याच्या मागचा मोबाईल टॉवर लांबची. ४०० मीटरला घड्याळात ४१५. दोनदा टॉवर उजवीकडे सरकला, दोनदा मी डावीकडे आले, बस्स. काळ्या काचेचा गॉगल पण मागवलाय.

येत्या रविवारी मात्र पोहणं नाही. पौर्णिमा आहे, पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सकाळी सहाला खडक उघडे. त्या दिवशी चिरा. कोण येणार ते सांगा, साडेसहाला कोळंबच्या पुलावर.