चांदीच्या क्लेवर मीना : आमची वाटचाल

जळगावच्या सराफ बाजारात घडणावळ (घडवण्याची मजुरी), तूट (घडवताना घटणारे वजन) आणि मोड (जुना दागिना परत दिल्यास मिळणारी किंमत) यांचा हिशेब झाल्याशिवाय कोणताही दागिना दुकानाबाहेर पडत नाही. अशा गावात आम्ही सिल्व्हर क्लेचे हाताने घडवलेले दागिने विकायला बसलो, तेव्हा ‘ही चांदी आहे की माती?’ हा प्रश्न ठरलेलाच असे, आणि तो रास्तही होता. जपानच्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बाजारात आणलेला हा पदार्थ म्हणजे चांदीची अतिशय बारीक पूड, पाणी आणि कणांना धरून ठेवणारा सेंद्रिय बंधक यांचा मऊ गोळा असतो. भट्टीत बंधक जळून जातो, चांदीचे कण एकमेकांत सांधले जातात आणि थोडी आकसलेली, ९९.९ टक्के शुद्ध चांदी हाती येते.

आकार लोकांना आवडत, पण लग्नसराईत पैठणीच्या काठाशी जुळणारा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला पांढरी चांदी कोरडी वाटे. रेझिनचे रंग झटपट होतात, परंतु ते भट्टीत भाजलेले नसतात आणि ओरखडे लवकर धरतात, म्हणून ते आम्ही मागे ठेवले. गंधकाच्या कोमट द्रावणात चांदीवर सोनेरी, गुलाबी, निळ्या छटा चढतात खऱ्या, मात्र तो पापुद्रा इतका पातळ असतो की वापराने आणि हवेने पालटतो. त्या द्रावणातून आम्ही आता फक्त काळपट छटा घेतो, तीही नक्षीचे खळगे उठून दिसावेत एवढ्यापुरती.

टिकाऊ रंगासाठी मीनाच हवा होता. मीना म्हणजे धातूवर वितळवलेली रंगीत काच, आणि शुद्ध चांदी त्यासाठी सोयीची ठरते, कारण तीत तांबे नसल्यामुळे तापवल्यावर ऑक्साइडचे डाग पडत नाहीत. क्ले मात्र नीट भाजलेली असावी लागते. आत पोकळी राहिली तर काचेत बुडबुडे येतात. म्हणून ज्या तुकड्यावर मीना चढवायचा, तो आम्ही ९०० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवतो आणि मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने ओपतो, म्हणजे घासून चकचकीत करतो.

रंगाची पूड धुण्यासाठी बोअरचे पाणी चालत नाही, कारण त्यातील क्षारांमुळे पारदर्शक रंग धुरकट होतो. डिस्टिल्ड वॉटरने पाणी नितळ येईपर्यंत धुवावे लागते. ओली पूड बारीक कुंचल्याने खळग्यात भरतात, ती पूर्ण वाळवतात आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत मिनिट-दोन मिनिटे ठेवतात. पूड आधी साखरेसारखी खरखरीत दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी होते आणि शेवटी काच सपाट होऊन चमकू लागते. त्या क्षणी चिमट्याने तुकडा बाहेर काढायचा. कच्च्या क्लेवर पिंपळाचे पान दाबून उमटवलेल्या शिरा पारदर्शक हिरव्या मीन्याखालून दिसतात, आणि आमच्याकडचा सर्वाधिक खपणारा दागिना तोच आहे. खानदेशी उन्हाळ्याचा जाच मात्र क्लेला होतो: मे महिन्यात ती हातात घेताच कोरडी पडून चिरते, त्यामुळे कूलरचा झोत अडवून, गोळा ओल्या फडक्याखाली ठेवून, पहाटेच काम उरकावे लागते.

निळा आणि हिरवा चांदीवर सहज बसतात, पण आमच्याकडे मागणी कुंकवासारख्या तांबड्याची असते, आणि नेमका तोच चांदीशी पटवून घेत नाही. पारदर्शक तांबडा, गुलाबी किंवा नारिंगी थेट चांदीवर चढवला तर तो तपकिरी वा पिवळट पडतो. आम्ही आधी बिनरंगी मीन्याचा थर भाजतो आणि त्यावर तांबडा देतो. भट्टीची एक खेप वाढते, तपासणी वाढते आणि नापास होणारे तुकडेही वाढतात. अपारदर्शक तांबडा पर्याय म्हणून ठेवला आहे, पण त्याखाली नक्षी झाकली जाते, हे आम्ही आधीच सांगतो.

मोडीचा प्रश्न आम्ही पावतीवर सोडवला. मीना भरण्याआधीचे चांदीचे वजन स्वतंत्र लिहिले जाते, काचेचे वजन त्यात धरत नाही, आणि रंगाचे मोल फक्त मजुरीत येते. आता धुळे-नंदुरबारचे काही सराफही आमच्याकडून माल उचलतात; निळ्या-हिरव्याची मजुरी त्यांना एका दराने लावतो, तांबड्याची थोडी वरच्या दराने.