ताई, ओटीपी आला का?

१ जून २०२५, नाशिक

काल दुपारी विहीणबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "तुमचं ऑफिस मे महिन्यात बंद असतं का हो? फोनच वाजत नाही तुमचा." त्यांच्या मनात काही नव्हतं. मी "अं, थोडं निवांत असतं" म्हणून चहा टाकायला उठले.

निवांत कसलं! आमच्या संस्थेचा वर्षातला सगळ्यात तंग महिना. टँकरच्या खेपांच्या नोंदी, पावसाआधी उरकायची बांधबंदिस्ती, आणि ३१ तारखेच्या आत प्राप्तिकर खात्याकडे भरायचा १०बीडी, म्हणजे देणग्यांचा तपशील. प्रत्येक देणगीदाराचा पॅन, पत्ता, रक्कम. त्याशिवाय त्यांना १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते नाही तर त्यांची प्राप्तिकरातली ८०जीची सूट गेली. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. दरवर्षी मे संपेपर्यंत माझा घसा बसलेला असतो. यंदा मी इथे लेकीच्या बाळाचे लंगोट वाळत घालते आहे आणि घसा ठणठणीत आहे.

तसा फोन येतो. "ताई, ओटीपी आला का?" मी आकडे वाचून दाखवते. "थँक्यू ताई, बाळ कसंय?" आणि मी सांगायला लागेपर्यंत तिकडे गेलेले असतात. प्राप्तिकर, संस्थांच्या नोंदणीचं सरकारी दर्पण पोर्टल, बँक, सगळीकडे माझाच नंबर. इतक्या वर्षांच्या संसारात संस्थेला माझं एवढंच लागतं? सहा आकडे?

निघताना मी भिंतीवर याद्या लावून आले होते. खाली ठळक अक्षरात 'अडलं तर मला फोन करा'. अडलंच नाही. कंपनीची सीएसआरवाली, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणारी मंडळी शेततळी बघून गेली, तेही मला ग्रुपवरच्या फोटोंतून कळलं. समन्वयकबाई मधोमध उभ्या, हातात नकाशा. छानच दिसत होत्या. फोटो मोठा करून पाहिला, मग पुन्हा पाहिला. पाहुण्यांना चहा कुठला दिला असेल, असले विचार.

देणगीदार मास्तरांना पॅनसाठी मीच फोन करायचे. पॅन दोन मिनिटांत मिळायचा, मग अर्धा तास त्यांचे गुडघे आणि माझी दगदग. यंदा अकाउंटवाल्या पोराने एक फॉर्म फिरवला आणि काम झालं. मास्तरांनी माझी चौकशी केली का, हे विचारायचा धीर झाला नाही.

पावसानेही विचारलं नाही. २६ मेला मुंबईत मान्सून पोचला, आमच्या माण-खटावकडेही मे महिन्यातच ओढे वाहिले. मी रात्री पडल्या पडल्या टँकर बंद झाल्यावर संस्थेतल्या पोरींना काय काम द्यायचं याचा आराखडा करत होते. सकाळी पाहते तर त्यांनी बाजरीच्या बियाण्याच्या याद्या सुरूही केलेल्या.

आणि शिबिरांमध्ये मीच सांगते ना, आपल्यावाचून काम चालेल अशी माणसं घडवा म्हणून! टाळ्याही घेते. तेव्हा कोणी सांगितलं नाही की असं झालं तर जेवण गोड लागत नाही.

मागे अण्णांपुढे माझ्या जागी दुसरा सचिव नेमायचा विषय काढला होता. सचिव बदलायचा म्हणजे बैठक, ठराव, मग ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. अण्णा म्हणाले, "एवढी घाई काय आहे?" ते वाक्य तेव्हा किती बरं वाटलं होतं, आता आठवलं. अण्णांचं वय मात्र... जाऊ दे.

काल रात्रीच १०बीडी अडकला. शेवटची तारीख, बाळ रडतंय, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. मी उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पोरगा वैतागला होता. "ताई, फोन जवळ ठेवत जा ना जरा!" कधी आवाज न चढवणारा पोरगा. मला इतकं बरं वाटलं की माझं मलाच हसू आलं. लेकीने विचारलं, कोणाचा फोन, एवढी खूश का? म्हटलं, शिव्या खाल्ल्या.

दुसरा ओटीपी लगेच आला, फॉर्म गेला. तेव्हा मात्र डोक्यात आलं, मी तापाने पडले असते तर? आजारी एक बाई आणि खोळंबणार पंचवीस गावांचं काम. बाजरीच्या याद्या करणाऱ्या पोरींचे पगारसुद्धा माझ्या सिमकार्डावर.

आज सकाळी त्याला विचारलं, जिथे जमेल तिथे समन्वयकबाईंचा नंबर घालता येईल का? म्हणाला, "येईल की. पण ताई, बऱ्याच ठिकाणी आधी तुमच्याच नंबरवर ओटीपी येईल. मी एकेक करून पाठवतो, तुम्ही सांगत चला."

म्हणजे अजून आठवडाभर तरी फोन वाजणार. विहीणबाई गुरुवारपर्यंत आहेत.