टेकडीवर डुकरं, खाली पब

इंग्लंडच्या खेड्यांतल्या पबमध्ये ‘आमचं मांस इथलंच’ अशी पाटी हल्ली जिथे तिथे दिसते. इथलं म्हणजे नेमकं कुठलं, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा गुळमुळीत मिळतं. विल्टशायरमधल्या बिशपस्टोन गावच्या ‘रॉयल ओक’मध्ये हा प्रश्नच पडत नाही. पब आणि गावालगतचं ईस्टब्रुक फार्म एकाच घरचे लोक चालवतात.

माझा मावसभाऊ स्विंडनला नोकरीला आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने तासाभराचा रस्ता. दादाला चालायचा मनस्वी कंटाळा, म्हणून तो गाडी घेऊन थेट पबला जाणार आणि वहिनी आणि मी टेकडीवरून चालत येणार, असं ठरलं. आम्हाला त्याने अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्यापाशी सोडलं. खडूच्या टेकडीवर कोरलेला हा घोडा सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा आणि 110 मीटर लांब. जवळ उभं राहिलं की मात्र घोडा दिसतच नाही, गवतात नुसते पांढरे पट्टे दिसतात. तिथून रिजवे ही प्राचीन वाट पश्चिमेकडे जाते. पायाखाली पांढरा खडू, दोन्ही बाजूंना शेतं, आणि समोरून तोंडावर येणारा वारा.

गावाकडे उतरताना डुकरं लागली. काळं अंग आणि खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत उतरलेला पांढरा पट्टा. ही सॅडलबॅक जात. एसेक्स आणि वेसेक्स अशा दोन जाती 1967 मध्ये एकत्र करून ती आजच्या नावाने नोंदली गेली, त्यातली वेसेक्स ही याच मुलखातली. विजेच्या तारेपलीकडे एक मादी नाकाने माती उलथत होती. कान इतके मोठे की डोळ्यांवरच पडलेले, त्यामुळे तिला आम्ही दिसलो नसणार. पण आवाज ऐकून ती थबकली, एकदा हुंकारली आणि पुन्हा मातीत. मागे पत्र्याच्या अर्धगोल खोपट्यातून पिल्लांची रांग बाहेर आली. सगळ्यांच्या शेपट्या शाबूत होत्या.

“भाऊजी, शेपट्यांचं काय एवढं?” वहिनींनी विचारलं. बंदिस्त गोठ्यात दाटीवाटीने ठेवलेली डुकरं कंटाळून एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून अनेक ठिकाणी त्या जन्मल्या जन्मल्या कापून टाकतात. इथे सेंद्रिय पद्धत. पिल्लं साधारण आठ आठवडे आईजवळ राहतात; नेहमीच्या व्यवसायात चारेक आठवड्यांतच तोडतात. गाभण मादीला वळताही येणार नाही असे पिंजरे ब्रिटनने 1999 मध्ये बंद केले, पण विण्याच्या वेळचे पिंजरे अजून चालतात. इथे ते नाहीत. क्लोव्हर या चाऱ्याच्या कुरणात डुकरं फिरवायची, मग ती पुढच्या शेतात न्यायची आणि त्यांच्या खतावर पीक घ्यायचं, असा फेर आहे. हेलन ब्राउनिंग यांनी 1986 मध्ये हे शेत हाती घेतलं आणि ते सेंद्रिय केलं. 2011 मध्ये त्या सॉइल असोसिएशन या सेंद्रिय शेतीच्या संस्थेच्या प्रमुख झाल्या.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. विकायचं मांस कायद्याने कत्तलखान्यातूनच यावं लागतं, आणि ब्रिटनमधले छोटे कत्तलखाने एकामागून एक बंद होत चाललेत. त्यामुळे शेत कितीही जवळ असलं तरी मधे लॉरीचा प्रवास असतोच. ‘शेतातून थेट ताटात’ म्हणणारे हा टप्पा सहसा गाळतात.

पब गावातल्या आडगल्लीत आहे. रॉयल ओक नावाचे पब इंग्लंडभर सापडतील. 1651 च्या लढाईतल्या पराभवानंतर राजा दुसरा चार्ल्स ओकच्या झाडात लपला होता, त्याची ही आठवण. इमारत स्विंडनच्या आर्केल्स या 1843 पासूनच्या ब्रुअरीची, त्यामुळे नळाला त्यांचीच बिअर. दादाने त्यांची थ्री-बी नावाची बिअर आधीच अर्धी संपवली होती.

आता जेवण. अशा पबचं खरं वेगळेपण चवीपेक्षा हिशेबात आहे. एका डुकरात मऊ फिले, म्हणजे पाठीच्या कण्यालगतचे लांब तुकडे, दोनच निघतात आणि गिऱ्हाईकाला हवे असतात तेच. पुरवठादाराकडून मागवणारा हॉटेलवाला फक्त फिलेच मागवू शकतो. ज्याचं जनावर स्वतःचं, त्याला खांदा, पोट, गाल, काळीज सगळंच खपवायला लागतं. आपल्याकडे गावात बोकड कापला की वाटे घालतात, आणि प्रत्येक वाट्यात थोडं मटण, थोडी कलेजी, थोडी हाडं आणि चरबी येते. कुणाला नुसत्या मांड्या मिळत नाहीत. इथला मेन्यू मला तसाच वाटला: आज काय शिल्लक आहे, ते बघून लिहिलेला.

वहिनींनी फॅगट्स मागवले. काळीज आणि इतर अवयवांचा खिमा, सेजचा सुगंधी पाला, कांदा, पावाचा चुरा, आणि हे सगळं चरबीच्या जाळीत गुंडाळून भाजलेलं. वर दाट ग्रेव्ही, बाजूला मटार. वहिनी मालवणच्या, त्यांचा निकाल असा, की सोरपोतेलची (गोव्याकडचं डुकराच्या मांसाचं आणि काळजाचं आंबट-तिखट कालवण) सर नाही, पण पीठ कालवून फसवलेलं नाही. मी पोटाचं रोस्ट घेतलं. वरची कातडी सुरीने चिरून, पूर्ण कोरडी करून, मीठ चोळून कडक आचेवर फुलवलेली. सुरी टेकवली की कडकन तुटायची, आणि खाली चरबी इतकी मऊ की चावायला लागली नाही. सोबतची सफरचंदाची चटणी मात्र माझ्या जिभेला गोडच. तिथे आमसुलाचं काहीतरी हवं होतं. बिल स्वस्त नव्हतं. रविवारी जाणार असाल तर टेबल आधी सांगून ठेवा.

दादाने आपली कातडी संपवून माझ्या ताटातली उचलली आणि तरी भागेना, म्हणून वाढणाऱ्या मुलीला आणखी आहे का विचारलं. ती हसून म्हणाली, आजची संपली. दादाचा चेहरा पडला.

“अहो, एका डुकराला कातडी एकच असते,” वहिनी म्हणाल्या. “चालत आला असतात तर दुसरं दाखवलं असतं.”