थायरॉइडची एक गोळी आणि पिशवीभर 'सपोर्ट'

2022 चा एप्रिल. औसा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेचे पत्रे दुपारी असे तापतात की वर्गात बसवत नाही. सगळ्याजणी पदरानं घाम टिपायल्या होत्या आणि मी पंख्याखालची खुर्ची सोडून कोपऱ्यात, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून बसले होते. "मॅडम, थंडीताप आलाय का?" असं सोबतच्या गुरुजींनी विचारलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं की काहीतरी बिघडलंय.

तोवरचं सगळं मी वयावर ढकललं होतं. बांगड्या मनगटातून निघेनात. शेवटच्या रांगेतली पोरं म्हणायची, "ऐकू येईना, मॅडम." कंगव्यात केसांचा पुंजका. एसटीत बसले की औसा ते लातूर या वीस किलोमीटरांत डोळा लागायचा, तो कंडक्टर हाक मारेपर्यंत.

लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; ग्रंथी मंद पडली की ते वाढतं. माझं निघालं 11.8, म्हणजे साडेचारच्या आत असायला हवं ते अडीच पटीवर. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीही वाढलेल्या. शरीराची राखण करणारी फौजच गळ्यातल्या ग्रंथीवर उठते, असं त्यांनी समजावलं. या दुखण्याला हाशिमोटो म्हणतात, 1912 मध्ये ज्या जपानी डॉक्टरनं ते पहिल्यांदा लिहून ठेवलं त्याच्या नावावरून. थायरॉक्सिनची, म्हणजे त्या ग्रंथीच्याच हार्मोनची, 50 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. एवढंच.

आता 'उपाशीपोटी' या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ सांगते. चहा हे काही खाणं नाही. सकाळी साडेपाचला आत्याबाई चहा ठेवतात, तो घेतल्याशिवाय घराचं चाक हलत नाही. म्हणजे उपाशीपोटी गोळी, तर चहाच्या घोटाबरोबर. माझ्या हिशोबात त्यात काही चूक नव्हती.

मग सुरू झालं सपोर्टचं प्रकरण. गोळी सुरू करून महिना झाला तरी केस गळायचे थांबेनात. पुण्याच्या धाकट्या जावेचा फोन आला. "अक्का, निस्त्या गोळीनं काही होत नसतंय. थायरॉइडला बाहेरून सपोर्ट द्यावा लागतो." तिनं ऑनलाइन मागवलेली डबी चार दिवसांत घरी. तिकडं शाळेतल्या एका मॅडमनी केसांसाठी बायोटिनच्या गमी सुचवल्या, आंब्याच्या वडीसारख्या लागतात म्हणे. गुडघ्यांसाठी कॅल्शियम होतंच. गावातल्या आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन 9.6 निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मोबाइलवर कुणीतरी सेलेनियमचं गुणगान केलं, ते आणलं. कुणीतरी सैंधव मिठाचं केलं, तेही आणलं. शिवाय रात्री भिजवलेल्या धण्याचं पाणी. महिन्याला दोन-अडीच हजार रुपये जायला लागले, आणि जी खरी गोळी होती ती या सगळ्यात स्वस्त होती.

एवढ्या गोळ्या दिवसभर कोण लक्षात ठेवणार? मी स्टीलच्या एका डब्यात सगळं भरलं, डबा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवला आणि सकाळी चहाबरोबर एकदाच सगळं गिळून मोकळी. थायरॉक्सिन, कॅल्शियम, लोह, जावेची कॅप्सूल. मला स्वतःच्या शिस्तीचं कौतुकही वाटायचं.

जूनमध्ये टीएसएच 9.6. डॉक्टरांनी गोळी 75 ची केली. सप्टेंबरात 10.2. "गोळी चुकते का?" त्यांनी विचारलं. एक दिवस नाही, मी छातीठोक सांगितलं. खरंच सांगत होते. गोळी 100 ची झाली.

डिसेंबरात, येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची आमची वेळ अमावस्या, आठ दिवसांवर असताना, रिपोर्ट आला आणि मी मोबाइल दोनदा पुसून पाहिला. टीएसएच 0.06. टी-4, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, वरच्या रेघेच्याही वर. 'आमचे हे' म्हणाले, "बघ, सपोर्टनं काम केलं." मलाही तसंच वाटलं. फक्त अंग मात्र तसंच जड होतं, टाचा तशाच भेगाळलेल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग माझी नाडी धरली. बासष्ट. हात पुढं करून बोटं पसरायला लावली, कापत नव्हती. कोपराजवळची कातडी चिमटीत धरून पाहिली. "मॅडम, हा कागद म्हणतोय की तुमचं थायरॉइड घोड्यासारखं पळायलंय. तुम्ही तर गोगलगायीसारख्या आत आलात. दोघांतलं एक खोटं बोलतंय. केसांसाठी काही घेता का?"

मी गमींचं नाव सांगितलं. ते हसले नाहीत, कपाळाला हात लावला. "उद्या येताना घरात जे जे गिळता ते सगळं पिशवीत घालून आणा. धण्याच्या पाण्यासकट."

दुसऱ्या दिवशी मी बाजाराची पिशवी त्यांच्या टेबलावर ओतली. त्यांनी प्रत्येक डबी चष्मा वर करून वाचली आणि भाजी निवडावी तसे ढीग लावले. तो अर्धा तास माझ्या चांगला लक्षात आहे, कारण आठ महिन्यांत मला जे कळलं नव्हतं ते त्यात कळलं.

पहिली बायोटिनची बाटली. एका गमीत दहा हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला लागतं तीस-चाळीस मायक्रोग्रॅम. जास्तीचं लघवीवाटे जातं, पण ते रक्तात असताना तपासणी केली की घोळ होतो. अनेक लॅबमधल्या टीएसएचच्या चाचणीत बायोटिनचाच चिकटा वापरलेला असतो. मी ते मनाशी असं समजून घेतलं: एसटीत खिडकीतून रुमाल टाकून लोक जागा धरतात ना, तसं गमीतल्या बायोटिननं चाचणीतल्या सगळ्या जागा रुमाल टाकून अडवल्या. खरा प्रवासी दाराशीच उभा. मशीन मोजतं बसलेले, म्हणून टीएसएच कमी दिसलं. टी-4 च्या चाचणीत मोजणी उलटी, म्हणून ते जास्त दिसलं. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायचं असतं. मला त्यांनी आठवडाभर बंद करून पुन्हा रक्त द्यायला लावलं. टीएसएच 7.9. त्या 0.06 वर विसंबून कुणी माझी गोळीच बंद केली असती तर? या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हाच्या माझ्या झोपेची ख्याती बघता ही मोठीच गोष्ट होती.

दुसरा ढीग कॅल्शियम आणि लोहाचा. "हे वाईट नाही, पण तुम्ही एकाच उंबऱ्यावर तिघा भांडखोरांना उभं केलंत." कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉक्सिनला पोटात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहाही अडवतो. गंमत म्हणजे लोहाला कॅल्शियम अडवतं आणि चहा तर लोहाचा जुना वैरी. म्हणजे माझ्या शिस्तीच्या त्या एका घोटात थायरॉक्सिनही वाया आणि लोहही वाया. म्हणूनच गोळी 50 वरून 100 वर गेली तरी आकडा जागचा हलेना. सहा महिने लोह खाऊन माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निघालं 8. साठा कसला, डब्याच्या तळाला चिकटलेलं पीठ.

आणि इथं मला एक गोष्ट नव्यानं कळली. थायरॉइडचं हार्मोन तयार करणारं जे एन्झाइम आहे, त्याला कामाला लोह लागतं. लोह कमी पडलं की ग्रंथी आणखी ढेपाळते. उलट थायरॉइड मंद असलं की पाळीत रक्त जास्त जातं, म्हणजे लोह आणखी कमी. थकव्याचा सगळा दोष मी थायरॉइडला देत होते, त्यातला बराच वाटा या लोहाचा होता.

तिसरी जावेची डबी. केल्प, टायरोसिन, अश्वगंधा, सेलेनियम. केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळ, आयोडीननं भरलेलं. "तुमच्या दुखण्यात आयोडीनची कमतरता नाही. जास्तीचं आयोडीन उलट ग्रंथीला बसवू शकतं." टायरोसिन हा हार्मोनचा कच्चा माल खरा, पण तो शरीर स्वतः बनवतं, शिवाय वरण-भाकरीतून मिळतो. अश्वगंधेनं काहींचं हार्मोन वाढलेलं आढळलंय, म्हणून थायरॉक्सिनबरोबर मनानं घ्यायची नाही. अमेरिकेत अशा काही 'सपोर्ट' गोळ्या तपासल्या तर त्यांत चक्क थायरॉइडचं हार्मोनच सापडलं, लेबलवर त्याचा उल्लेखही नाही, हेही त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी डबी उलटीपालटी करून पाहिली. त्या माळकरी. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे हे लेकीनं वाचून दाखवलं, तशा म्हणाल्या, "बाकी काही कळंना तर निदान हिरवा टिपका तरी बघायचा होतास गं."

सेलेनियमचं थोडक्यात. त्यानं अँटिबॉडी कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलंय, पण त्यामुळं रोजची गोळी सुटते असं नाही. शरीराला लागतं सुमारे 55 मायक्रोग्रॅम, माझ्या दोन डब्यांत मिळून त्याच्या कितीतरी पट. आणि सेलेनियम फार झालं की काय होतं? केस गळतात, नखं ठिसूळ होतात. मी ते केसांसाठीच खात होते.

शेवटी मीठ. सैंधवाचं नाव ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही शाळेत काय शिकवता?" विज्ञान, मी म्हणाले, आणि पुढचं न बोलताच कळलं. आयोडीनच्या कमतरतेमुळं गलगंड होतो, हे वाक्य मी पोरांकडून पाठ करून घेते. आपल्याकडं 1962 पासून गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम आहे, आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला 2006 पासून देशभर बंदी आहे. आयोडीनयुक्त मिठात घरात पोचेपर्यंत किलोमागं निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 150 मायक्रोग्रॅम. हे सगळं मला तोंडपाठ, आणि घरात मात्र दहावीतल्या लेकीसकट सगळ्यांना सैंधव. माझ्या आजारासाठी मी घरादाराचं आयोडीन काढून घेतलं होतं, आणि स्वतः तेच कॅप्सूलमधून ढिगानं गिळत होते! पुडीचं मीठ परत आलं, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब. सैंधव आता आत्याबाईंच्या एकादशीपुरतं.

मी येळवशीचंही विचारून घेतलं. बाजरीत आणि कोबीत थायरॉइडला अडवणारे घटक असतात असं मी वाचलं होतं, आणि आमच्या शेतात येळवशीला बाजरीच्या उंड्यांशिवाय भज्जी कोण खाणार? ते म्हणाले, रोज तिन्ही त्रिकाळ बाजरी आणि मिठात आयोडीन नाही, असं असलं तर प्रश्न. वर्षातून एकदा कोपीत बसून खाताना थायरॉइडचा विचार करू नका, आंबील जरा मला पाठवा. सोयाबीनचं मात्र बजावलं. लातूर म्हणजे सोयाबीनचा बाजार, आम्हीही गव्हात सोयाबीन घालून दळतो. सोयाही गोळी अडवतं. पीठ बंद करायची गरज नाही, पण ती पोळी डब्यातच, सकाळच्या गोळीपासून लांब.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. सकाळी गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, पुढं तासभर काही नाही. लोह दुपारी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, चहा त्याच्या आसपास नको. कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर. गोळीपासून या दोन्हींचं अंतर निदान चार तास. रक्तात ड जीवनसत्त्व 14 आणि बी-12 ही कमी निघालं, म्हणून आठवड्याला 60,000 युनिटची पुडी दुधातून, आठच आठवडे, आणि बी-12 च्या गोळ्या. "जे तपासणीत कमी निघालं तेच घ्यायचं, आणि भरलं की थांबायचं," असं सांगून त्यांनी एक विचारलं: गोळीची बाटली ठेवता कुठं? गॅसच्या वर, मी म्हणाले. उष्णतेनं, ओलीनं ही गोळी कमजोर होते. लातूरचा उन्हाळा आणि त्यात फोडणीची वाफ. बाटली आता बेडरूमच्या कपाटात.

सुधारणा चुटकीसरशी झाली नाही. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून कुठलाही बदल कळायला सहा-आठ आठवडे जातातच. मार्चमध्ये टीएसएच 0.3 आलं आणि मी आधी घाबरले. पण या वेळी कागद खरं बोलत होता: 100 ची गोळी पहिल्यांदाच पुरती अंगी लागत होती. ती 75 वर आली. मे 2023 मध्ये 2.4. बांगड्या फिरायला लागल्या. फेरिटिन वर यायला त्याहून वेळ लागला, आणि केस तर त्याच्याही मागून, फार रुसून आले. पूर्वीइतके दाट नाहीत.

जावेचा परवा पुन्हा फोन होता, शेवग्याच्या पानांची पावडर घ्या म्हणून. अंगणात शेवगा उभा आहे, भाजी करते म्हटलं.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. पहिले आठ दिवस आत्याबाईंनी साडेपाचलाच कप आणून ठेवला आणि तो माझ्यासमोर गार झाला. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःचाही चहा ठेवला नाही. आता मी गोळी घेते, त्या देवघरासमोर माळ ओढत बसतात, आणि मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून विचारतात, "झाला का गं तास?"