नवापूर ते किसुमू: मिशनसेवेच्या लांब मुक्कामाची तयारी

नवापूरहून केनियातल्या किसुमूला पोचायला दोन-तीन दिवस पुरतात. तापी लाइनच्या रेल्वेने सुरत, तिथून मुंबई, मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सहा तासांच्या आसपास, आणि पुढे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर. पण कागदपत्रांसाठी नऊ-दहा महिने हातात ठेवा. अडतं ते बहुतेक वेळा कागद नसल्याने नाही, एक कागद दुसऱ्याच्या आधी काढल्याने. मंडळीने, म्हणजे गावच्या चर्चने, निरोपाची उपासना ठरवली, तिकीट घेतलं आणि मग परवान्याची चौकशी सुरू केली, असं पुष्कळदा घडतं.

पहिलं काम नावाचं. नंदुरबार-नवापूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत एका माणसाची दोन नावं सहज सापडतात: शाळेत सुनीता, बाप्तिस्म्याच्या नोंदीत रिबेका. आडनावाच्या स्पेलिंगची तर मजाच असते. वळवी आधारवर ‘व्ही’ने आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘डब्ल्यू’ने. दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा आणि आधार, पॅन, बँक खातं त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या. बाप्तिस्म्याचं नाव मंडळीपुरतं राहू द्या. ते आधीच सरकारी कागदांवर चढलं असेल, तर नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा. पुढचे सगळे कागद पासपोर्टावरच्या नावाने निघतात, त्यामुळे इथली एका अक्षराची चूक किसुमूच्या बँकेपर्यंत सोबत येते.

पासपोर्ट 36 पानी 1500 रुपयांत मिळतो, 60 पानी 2000 रुपयांत. लांब मुक्कामाला जाणाऱ्याने 500 रुपयांकडे पाहू नये. अर्जात पत्ता देताना जपा. वर्षातले काही महिने सुरतेला कामावर किंवा ऊसतोडीला गेलेला माणूस गावचा पत्ता देतो, पोलीस चौकशीला येतात तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि अहवाल उलटा जातो. अर्ज भरला की चौकशी होईपर्यंत गावातच थांबा. सरपंच आणि पोलीस पाटलांनाही आधी सांगून ठेवा.

कुटुंब सोबत असेल तर लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. चर्चमधली लग्नं 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदली जातात, पण पाळकसाहेबांनी मंडळीच्या लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र म्हणजे विवाहाचा दाखला नव्हे. निबंधकाकडची प्रमाणित प्रत काढा. ग्रामपंचायतीचा जुना हातलिखित जन्मदाखला असेल तर मराठी-इंग्रजी नमुन्यातला नवा घ्या. हे दाखले परदेशात मान्य व्हावेत म्हणून आधी राज्य पातळीवर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करावे लागतात. जो देश परदेशी दाखले मान्य करण्याच्या हेग करारात आहे तिथे अपोस्टिलवर, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या एका प्रमाणपत्रावर, भागतं, नाहीतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. कुठला लागणार हे तुम्हाला बोलावणाऱ्या केनियातल्या मंडळीकडून आधी लेखी घ्या.

आता परवाना, म्हणजे सगळ्या तयारीचा कणा. जानेवारी 2024 पासून केनियात जुन्या व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. ती पाहुण्यासाठी आहे. तिच्यावर जाऊन शिकवणं, दवाखान्यात काम करणं किंवा मंडळी चालवणं बेकायदा ठरतं. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी तिथे ‘आय’ वर्गाचा वर्क परमिट असतो आणि त्याचा अर्ज तिथल्या नोंदणीकृत संस्थेच्या मार्फत होतो. तुम्ही पाठवायचं ते पासपोर्टाची प्रत, फोटो, शिक्षणाची प्रमाणपत्रं, कामाचा तपशील आणि पोलीस क्लिअरन्स. क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतूनच 500 रुपयांत निघतो, पण घाईने आधी काढू नका. सहा महिन्यांहून जुना सहसा चालत नाही, म्हणून बाकी सगळं हातात आल्यावर शेवटी काढा. मंजुरीला तीन महिने धरून चाला, जास्तही लागतात. पती-पत्नी आणि मुलांसाठी वेगळा डिपेंडंट पास असतो. नर्स म्हणून जाणार असाल तर केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी निराळी. इथल्या कौन्सिलच्या नोंदणीवर तिथे काम करता येत नाही.

‘आधी पोचू, मग परमिट काढू’ असा सल्ला देणारे तिकडेही भेटतात आणि इकडेही. ऐकू नका. ईटीएची मुदत संपली की दंड, परत पाठवणी, आणि बोलावणाऱ्या मंडळीच्या पुढच्या अर्जांवर डाग.

पैशांच्या बाबतीत मंडळ्या सगळ्यात भोळ्या असतात. आपल्याकडे अर्पण कापसाच्या पैशाबरोबर येतं. दिवाळी ते संक्रांत पेटी भरलेली, पावसाळ्यात रिकामी. किसुमूचं घरभाडं मात्र दर महिन्याला येतं. सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचं तिकीट एवढी रक्कम जमा झाल्याशिवाय निरोपाची तारीख ठरवू नये, मग पंचमंडळी कितीही उत्साहात असोत.

त्याहून मोठी भानगड पैसे पाठवण्याची. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे परदेशी पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेने व्यक्तींना दिली आहे, ट्रस्टला नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टला आयकरातली सूट मिळते ती भारतात केलेल्या खर्चावर. बाहेरच्या खर्चासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. ट्रस्टच्या खात्यातून सरळ नैरोबीला पैसे पाठवण्याआधी सीएकडे जा. सोपा मार्ग बहुधा हा असतो की मानधन इथल्याच खात्यात जमा व्हावं आणि घरच्या कोणीतरी आपल्या नावाने रीतसर पाठवावं. लांब मुक्कामासाठी देश सोडताना साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, हेही बँकेतलं कोणी आपणहून सांगत नाही. सोबत नेताना परकीय नोटा एका खेपेला 3000 डॉलरपर्यंत चालतात.

इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच चालू करून घ्या आणि रिचार्ज करत राहण्याचं काम घरच्या एकाच माणसाकडे सोपवा.

तब्येतीत सर्वांत आधी सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत हा दोष बराच आढळतो आणि सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. नुसता वाहक असाल तर सहसा अडचण नाही. आजार असेल तर सुमारे 1,800 मीटर उंचीचं नैरोबी आणि सरोवराकाठचा मलेरिया या दोन्हींबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. मलेरिया आपल्याला नवा नाही, आणि घात तिथेच होतो. इकडे हिवताप म्हणून दोन-तीन दिवस अंगावर काढायची सवय असते. व्हिक्टोरियाकाठी बहुतेक मलेरिया फाल्सिपेरमचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, रविवार असला तरी. औषध भारलेली मच्छरदाणी प्रत्येक खाटेला हवी. टायफॉइड आणि हिपॅटायटिसच्या लशी घ्या, दात दाखवून घ्या.

पिवळ्या तापाची लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते. खानदेशातून बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. एका कुपीत अनेक डोस असल्याने केंद्रं ठरावीक दिवशीच टोचतात, म्हणून आधी वेळ घ्या. दाखला टोचल्यावर 10 दिवसांनी लागू होतो आणि आता जन्मभर चालतो. गरोदर स्त्रिया, नऊ महिन्यांखालची बाळं आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं. साठीपुढच्यांनीही.

सामानात प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. केनियात 2017 पासून त्यांवर बंदी आहे, म्हणून कपडे आणि चपला कापडी पिशव्यांत बांधा. काळा मसाला, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ बंद पाकिटांत न्या. बियाणं, ताजी मिरची, फळं नेऊ नका, वनस्पती-तपासणीत अडतात. भरताची हौस असलेल्यांनी काळजी करू नये, वांगी तिथे मिळतात. मक्याच्या पिठाचा उगाली आणि सुकुमा विकी या पालेभाजीची भाजी भाकरी खाणाऱ्याला आठवड्याभरात रुळते. तिथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असतात, दोन-तीन ॲडॉप्टर इथूनच घ्या.

किसुमूला रेल्वे 1901 मध्ये पोचली. त्या काळापासून तिथे गुजराती दुकानदार आहेत, त्यामुळे सीमेवरच्या नवापूरकरांना येणारी गुजराती पहिल्या महिन्यात स्वाहिलीपेक्षा जास्त कामी येते. पण लोकांच्या घरात बोलली जाते ती लुओ ही स्थानिक भाषा. स्वाहिली कार्यालयासाठी आणि लुओ अंगणासाठी, दोन्ही शिकाव्या लागतील. पहिले सहा महिने भाषेलाच द्या, उपदेशाची घाई नको. केनियात मंडळ्या आधीपासून आहेत, 1844 मध्ये मिशनरी क्राफ मोंबासाला उतरला तेव्हापासून. तुमची गरज दवाखान्यात, शेतीत किंवा शिकवण्यात असेल, ती बोलावणाऱ्यांकडून कामाच्या तासांसकट लिहून घ्या.

पोचल्यावर 90 दिवसांहून जास्त राहणाऱ्याने परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढायचं असतं. करखात्याचा पिन नंबर मिळाल्याशिवाय बँक खातं उघडत नाही. फोनवरून पैसे देण्याची एम-पेसा सोय मात्र पासपोर्टावर सिम घेतलं की सुरू करता येते. भाजीवालीपासून बसपर्यंत सगळे त्यावरच घेतात. वेळ विचारताना जपा. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून ‘सा तातू’, म्हणजे तिसरा तास, आपल्या घड्याळात नऊ. उपासनेची वेळ तोंडी सांगितली असेल तर कोणत्या मोजणीने ते विचारून घ्या.

मधेच सुट्टीवर घरी येताना पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टाच्या पाकिटातच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. केनियाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि सुरतेच्या गाडीचं आरक्षण वाया जातं.